हयसरच वाढलंय

१ मार्च

संघमित्रा म्हणाली, "मिहिर, रोज काय घडलं ते लिहून ठेवत जा. तुझं डोकं म्हणजे चाळण आहे." म्हणून हे. वाचणारं कोणी नाही, तेव्हा शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

काम असं आहे. संघमित्राची मानखुर्दला छोटी संस्था आहे, संध्याकाळचे वर्ग चालवते. एक मेला घाटकोपरच्या एका हॉलमध्ये ती प्रदर्शन लावणार आहे, लहानपणी राबलेल्या माणसांचं. हॉटेलात, भट्टीवर, कारखान्यात जी पोरं होती आणि आता म्हातारी झालीत, त्यांना शोधायचं, बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं. मग प्रत्येकाचं एक वाक्य निवडून मोठ्या अक्षरात भिंतीवर. हे काम मला मिळालं कारण मला फिरायला आवडतं आणि दुसरं काही येत नाही. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. मनालीला एका हॉस्टेलात रिसेप्शनला बसलो, गोकर्णला कॅफेत वेटर झालो, मग पैसे आणि मित्र एकदमच संपले. सध्या मुलुंडला सुनंदाआत्याच्या हॉलमधल्या दिवाणावर मुक्काम.

घरात आत्या, श्यामकांतकाका आणि रुक्मामावशी. रुक्मामावशी नात्यातली नाही, पण कायमची इथेच असते. घरातलीच आहे. आत्ताच मच्छरदाणी बांधून देऊन गेली. मला ती गाठ अजून जमत नाही.

६ मार्च

वाकोल्याला गेलो. सहदेव म्हणून आजोबा आहेत, वडील गिरणीत होते. हे दहाव्या वर्षी बेकरीत लागले. पीठ मळायचे आणि तिथेच पोत्यांवर झोपायचे. माणूस भारी आहे. मी माइक लावत होतो तर म्हणाले, "रेडिओवर येणार काय रे? मग दाढी करून येतो."

एक गोष्ट बोलले ती मी तीनदा ऐकली: "मालक सगळ्यांना सांगायचा, पोरगा घरचाच आहे. घरचा म्हटलं ना, की पगार द्यावा लागत नाय. आणि पोराला पण बरं वाटतं."

झकास वाक्य. भिंतीवर हेच लावायचं. संघमित्राला लगेच पाठवलं. तिने नुसता अंगठा पाठवला.

११ मार्च

अंधेरीला एका बाईंकडे जायचं होतं. वाटेत गिल्बर्ट हिलची पाटी दिसली, म्हटलं पाच मिनिटं चढून येऊ. वरून उतरेपर्यंत बाई मुलीकडे निघून गेल्या. संघमित्राने फोनवर धुतला. "त्या म्हातारीने सकाळपासून साडी नेसून वाट बघितली रे! तुला काय पिकनिक वाटते?"

मग थोडी शांत झाली आणि जुन्या गिरण्यांबद्दल सांगत बसली. इंग्रजांच्या काळात लहान पोरांना अर्धा दिवसच कामाला लावायचं असा कायदा आला, तर काही पोरं अर्धा दिवस या गिरणीत आणि उरलेला अर्धा दुसऱ्या गिरणीत, दुसऱ्या नावाने. "कायदा पाळला पण आणि पोर दिवसभर राबलं पण," ती म्हणाली. मी विचारलं, पोरांचा नावांत गोंधळ होत नसेल का? ती म्हणाली, "तुला हाच प्रश्न पडला?"

पण मला खरंच हाच पडला.

१४ मार्च

घरात मोठी बातमी. सोसायटीचं रिडेव्हलपमेंट पक्कं झालं. एप्रिलअखेर बिल्डिंग रिकामी करायची, नवी जागा तीन वर्षांनी. आत्या-काका तोवर मुलुंड वेस्टला एका छोट्या फ्लॅटमध्ये भाड्याने जाणार. माझा प्रश्नच नाही, मी कुठेही पडेन. प्रश्न रुक्मामावशीचा होता. पण तोही सुटला. ऐरोलीची श्वेताताई, म्हणजे आत्याची मुलगी, सातव्या महिन्यात आहे. तिला बाळ सांभाळायला माणूस हवंच आहे.

"बाहेरची बाई ठेवायची म्हणजे कॅमेरा लावा, लक्ष ठेवा," आत्या म्हणाली. "रुक्मा घरची. ह्यांनाही तिनेच वाढवलं, श्वेतालाही तिनेच."

काका पेपरमागून म्हणाले, "माझी तर आई पण तिच्यानंतर." आणि हसले. काका असं कधी बोलत नाहीत.

फक्त मावशी अजून हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. कणीक मळत राहिली. आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू जरा बोल तिच्याशी. तुझं ऐकते ती."

मला वाटतं हे सगळ्यांत छान जमलंय. तिला घर, ताईला माणूस.

१६ मार्च

आत्या-काका बँकेत गेले होते. मावशी गवार मोडत बसली होती. म्हटलं, गप्पांत विषय काढू. रेकॉर्डरही चालू केला. प्रदर्शनात सगळं दुःखच दुःख आहे, एखादं सुखाचं उदाहरण पण असावं.

तिचं गाव कणकवलीकडचं. आठ वर्षांची असताना ती आणि तिची धाकटी बहीण माणिक, दोघींना गावच्याच एका माणसाने मुंबईला आणलं. माणिकला वाकोल्याला एका घरी सोडलं, हिला इथे. काका तेव्हा तान्हे होते. काकांच्या आईला बाळ खेळवायला मुलगी हवी होती.

"खेळवायला म्हणजे काय करायचीस?"

"कडेवर घेऊन फिरायचं. खाली ठेवला की रडायचा. भारी जड होता रे श्यामदादा. मी मोठी की तो, कळायचंच नाय."

ती काकांना दादा म्हणते, काका तिला रुक्मा. मला हे आधी कधी विचित्र वाटलं नव्हतं. आज हसू आलं. ती डाव्या बाजूला कलून चालते ना, ते म्हणे तेव्हापासूनचं. मी म्हटलं कॅल्शियम कमी असेल, गोळ्या आणतो.

"आणि स्वयंपाक?"

"मग हळूहळू तो पण. ओट्याला हात पुरायचा नाय, तर आजींनी, श्यामदादाच्या आईने, पाट दिला. पाटावर उभी राहून पोळ्या. एक दिवशी आजींनी पाट काढून घेतला. तेव्हा मला कळलं, मी मोठी झाले."

मला हे फार गोड वाटलं.

"शाळेत गेलीस?"

"रोज."

"खरंच?"

"पोचवायला आणि आणायला."

संघमित्राने एक तक्ता दिलाय भरायला. त्यात शाळेपुढे 'हो' लिहिलं. शेवटी विचारलं, एवढ्या वर्षांत काय काय केलंस, एका वाक्यात सांग. ती गवार मोडायची थांबली. म्हणाली, "काय सांगू? आठ वर्षांची होते. तेव्हापासून हयसरच वाढलंय."

हे मालवणी आहे. तिथे बाया 'मी गेलंय, मी आलंय' असंच म्हणतात. मी शुद्ध करून लिहिलं: 'आठ वर्षांची होते, तेव्हापासून इथेच वाढले.'

मग ऐरोलीचं काढलं. ती म्हणाली, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, तू जावंस. ती म्हणाली, "मग जाईन." इतकं सोपं! आत्याने रात्री श्रीखंड आणलं.

२२ मार्च

मानखुर्दला गेलो. संघमित्राने सगळी वाक्यं वाचली. मावशीच्या वाक्यावर थांबली.

"ही कोण?"

"आमच्या आत्याकडची. मुद्दाम घेतली, बॅलन्स म्हणून."

"हिला पगार देतात?"

"घरच्या माणसाला कसला पगार, यार?"

मी पुढे सांगत होतो, आता ती ऐरोलीला जाणार, मीच समजावलं वगैरे. ती म्हणाली, "रेकॉर्डिंग ठेवून जा." चहा तिने अर्धाच प्यायला. काही बिनसलं होतं तिचं. वर्गातल्या पोरांचं टेन्शन असेल.

परत येताना ऐरोलीच्या पुलावर फ्लेमिंगो दिसतात का बघायला उतरलो. नव्हते.

६ एप्रिल

आज श्वेताताईचं डोहाळजेवण झालं. या घरातला शेवटचा कार्यक्रम, म्हणून आत्याने हौसेने केलं. फुलांचे दागिने, चंद्रकोरीचा झोपाळा, वाट्यांचा खेळ. ताईने उचललेल्या वाटीखाली पेढा निघाला. मग हॉलमध्ये बायकांची पंगत. मसालेभात, जिलबी, कोशिंबीर. सगळं मावशीने केलेलं. वाढत पण तीच होती, मी पाण्याचा जग घेऊन मागे.

ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढं सगळं एकटीने? नशीबवान आहात हो."

आत्या म्हणाली, "आमच्या रुक्माला काही सांगावं लागत नाही. एवढीशी आली होती. आमच्याकडेच वाढली."

मावशी भात घेऊन वाकलेली होती. वर न बघता म्हणाली, "अजून वाढतेच आहे, वहिनी."

सगळ्या खळखळून हसल्या. कोणीतरी म्हणालं, "अगंबाई, काय हजरजबाबी!" मीही हसलो. आत्याने तिला सगळ्यांदेखत साडी दिली आणि सांगितलं, की बाळ आता हिच्याच हातात. टाळ्या पडल्या. मावशी साडी काखेत धरून भाताचं पातेलं घेऊन आत गेली.

सगळे गेल्यावर ती ओट्याशी उभ्याने जेवत होती. मला संघमित्राकडून भिंतीवरच्या मजकुराचा नमुना आला होता. म्हटलं, खूश करू. मोठ्याने वाचून दाखवला.

तिने घास खाली ठेवला. "असं नाय म्हटलं मी."

"अगं, तू मालवणीत म्हणालीस, मी नीट केलं."

"मालवणी नाय ती. माका आता मालवणी येते खय?" हे मालवणीतच म्हणाली. मग हाताने ताटात काही वाढल्यासारखं केलं. "वाढलंय. पानात वाढतात ना, तसं. तू विचारलंस एवढी वर्षं काय केलंस, तर सांगितलं तुला. सगळ्यांना वाढलंय. मी खय वाढले? मी तर आले तेव्हाच मोठी होते."

मग म्हणाली, "जिलबी उरली आहे, घे."

घेतली नाही.

७ एप्रिल

रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. गवार मोडल्याचा आवाज येतो सारखा. शेवटी मी म्हणतो, तू जावंस. माझा आवाज किती आनंदी आहे. मग बराच वेळ काहीच नाही. मी त्या दिवशी लिहिलं होतं 'इतकं सोपं'. गप्प राहिली होती ती, ते मला तेव्हा ऐकूच आलं नव्हतं.

तक्त्यात शाळेपुढचं 'हो' खोडलं. संघमित्राला फोन केला. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी आधी सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास." खरंय. घातला असता.

दुपारी मावशीला विचारलं, "तुला कुठे जायचंय?" ती म्हणाली, "ऐरोलीला. तूच म्हणालास ना?" मी म्हटलं, "मी काय म्हणालो ते सोड. तुला." तिने दोन कपड्यांच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "माणिक चारकोपला राहते. नवरा गेला, लेक आखाताला. खोली आहे. किती वर्षं बोलवते, ये गो, ये गो. दर वेळी इकडे काहीतरी असायचं. श्यामदादाचं लग्न. मग श्वेता झाली. मग आजी अंथरुणाला खिळल्या."

"मग आता?"

"आता पण बाळ आहेच की."

मी एक टॉवेल उचलून घडी घातली. हे मला क्वचित जमतं.

"माका जावचा नाय रे ऐरोलीक," ती म्हणाली. "हात दुखतात. बाळ हातातून पडलं तर?"

मी म्हटलं, मी आत्याशी बोलतो. तिने एकदम हात उचलला. "तू नको. तू बोललास की तुझं होईल ते."

१० एप्रिल

तीन दिवस ती काहीच बोलली नाही. मला वाटलं राहिलंच. आज सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "वहिनी, मी माणिककडे जाणार. चारकोपला."

आत्या म्हणाली, "जाऊन ये ना. चार दिवस जा, मन रमेल."

"चार दिवस नाय. कायमची."

आत्याचा कप तसाच राहिला. "अगं, श्वेताचं काय?"

"दुसरी बाई बघा."

"काय कमी केलं आम्ही तुला? सांग ना. औषधपाणी, कपडालत्ता, कधी परकं मानलं? ह्यांच्या आईचे दागिने तुझ्या भरवशावर टाकून आम्ही काशीला गेलो होतो!" आत्या रडायला लागली. आणि ती खरी रडत होती. मला हेच कळत नाही. मी तिच्यावर चिडायला तयार बसलो होतो आणि तिचं नाक लाल झालेलं बघून मला कसंतरी झालं.

मावशी म्हणाली, "काय कमी नाय केलं, वहिनी. मी थकले."

काका पेपर घडी करत होते. करत होते, करत होते, एवढासा चौकोन झाला त्याचा. मग उठून बेडरूममध्ये गेले.

संध्याकाळी श्वेताताईचा फोन. स्पीकरवर होता. "रुक्माई, तू मला सोडून जाणार? मला?" मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, झालं, वाट लागली. ती फोनकडे बघत म्हणाली, "बाळ घेऊन ये चारकोपला. बघेन ना मी." आणि लाल बटण दाबलं. तिला फोन बंद करता येतो हे मला माहीत नव्हतं.

आत्या मला म्हणाली, "हे तू भरवलंस तिच्या डोक्यात. घरात राहून." मी तर उलटंच भरवलं होतं.

१९ एप्रिल

मावशीला चारकोपला सोडलं. रिक्षाने, तिला टॅक्सी नको होती. आत्याने डबा भरून दिला आणि दाराशी कुंकू लावलं. काका बाहेर आले नाहीत. मावशी त्यांच्या बंद दाराशी जाऊन म्हणाली, "श्यामदादा, ब्लडप्रेशरची गोळी डाव्या खणात आहे." थोडा वेळ थांबली, मग चप्पल घातली.

माणिकमावशी हिच्यापेक्षा ठेंगणी आणि दुप्पट बोलकी. दारातच ओरडली, "इलंस गो बये! आता मरेपर्यंत भांडूया." दोघी हसल्या, मग हसता हसता एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्या राहिल्या. मी पाणी मागायचा विचार केला आणि सोडून दिला.

परतताना गोराईच्या जेट्टीवर गेलो. बोट सुटताना बघत बसलो. आज उशीर झाला म्हणून ओरडणारं कोणी नव्हतं.

१ मे

प्रदर्शन झालं. मावशीचं वाक्य तिला विचारून, तिने म्हटलं तसंच लावलं, घराचं नाव न घालता. ती स्वतः आली नाही. बरेच लोक वाचून पुढे गेले. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "बघ, हिचं तरी चांगलं झालं." संघमित्राने माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगायला पुढे गेलो नाही. सहदेव आजोबा दाढी करून आले होते. त्या वाक्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडची दिसते."

१२ मे

काकांचा फोन आला सकाळी. "मिहिर, चारकोपला येतोस का माझ्याबरोबर?" आत्याला सांगितलं नव्हतं. हातात आंब्यांची पेटी. नव्या घरात त्यांना झोप लागत नाही म्हणाले, रस्त्याचा आवाज येतो.

गेटवर वॉचमनने अडवलं. "किसके यहाँ?"

"रुक्मिणी," काका म्हणाले.

"पूरा नाम?"

काका म्हणाले, "रुक्मिणी गुप्ते." स्वतःचं आडनाव. सहज, विचार न करता. रेशनकार्डावर तिचं नाव तसंच घातलेलं आहे म्हणे, पहिल्यापासून.

"गुप्ते कोई नहीं है इधर."

काका माझ्याकडे बघायला लागले. पेटी या हातातून त्या हातात. मला तरी कुठे माहीत होतं? आता तीन आठवडे झाले मी येतोय, एकदा माणिकमावशीनेच बोलता बोलता सांगितलं तेव्हा कळलं. "परब," मी म्हटलं. "रुक्मिणी परब. माणिक घाडींकडे, दुसरा मजला."

जिन्यात काका पुटपुटले, "परब." पहिल्या मजल्यावर थांबून दम खाल्ला आणि पुन्हा म्हणाले, "परब."

मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. केस मोकळे, नुकतं न्हाऊन आलेली. काका दिसल्यावर तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आले, उठायला. मग तशीच बसून राहिली. पाणी माणिकमावशीने आणलं.

काका आंब्यांबद्दल बोलले, देवगडचे आहेत. बिल्डिंगला पत्रे लागले ते सांगितलं. श्वेताताईला बाई मिळाली, बरी आहे. मग काकांचं तोंड लहान मुलाचं होतं तसं झालं, खालचा ओठ पुढे. साठ वर्षांचा माणूस. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"मला करमत नाही गं, रुक्मा."

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. तिचा डावा हात आपोआप कमरेशी गेला होता. तो तिने उचलून मांडीवर घेतला.

"मग येत जा की," ती म्हणाली. "पण आधी फोन करून ये, दादा. दुपारचं मी झोपतंय."